‘थ’चा खण

५ फेब्रुवारी, मंगळवार

काल घशातली गाठ काढली. टाचणीच्या डोक्याएवढी होती म्हणे. ज्या आवाजाने चाळीस वर्षं छापखानेवाल्यांच्या काचा हलवल्या, त्याला टाचणीच्या डोक्याने गप्प बसवलं!

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीसारख्या आणि स्वभावाने हवालदार. "एकवीस दिवस एक शब्दही नाही. कुजबुजसुद्धा नाही, कुजबुज तर बोलण्याहून वाईट. पहिला शब्द काढाल तो माझ्यासमोर, या खुर्चीत बसून. आधी बोललात आणि आवाज कायमचा फाटला, तर माझ्याकडे यायचं नाही."

मी हाताने खूण करून विचारलं, फोन?

"फोनवर खुणा कोणाला दाखवणार आहात?"

घरी आल्यावर वन्संना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एकवीसच? अडीचशे नाही का जमले डॉक्टरांना?" वन्संनी आयुष्यभर बांधणीखात्यात कागदाला घड्या घातल्या. बोलणंही तसंच, कडेला कड लावून दाबलेलं. माझे यजमान त्याच खात्यातले, पुस्तकं बांधणारे. त्यांनी कापाकापीतून उरलेल्या कागदांची ही वही शिवून दिली आणि म्हणाले, "घे. हिच्यावर ओरड."

घरात बोलण्यासाठी एक पाटी आणली आहे. पाटीवर भाषण मावत नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आज अध्यक्ष आले. खुर्चीच्या टोकावर बसले, म्हणजे बातमी वाईट.

छपाई-बांधणी कामगारांची आमची सभा. सभासद सेहेचाळीस, चिटणीस मी. सभेची खोली छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. बाकं आम्हीच केलेली, खिडक्या आम्हीच रंगवलेल्या. ती खोली आता एका फर्निचरवाल्याला गोदाम म्हणून द्यायची, असं कार्यकारिणीने ठरवलं आहे. तेही मी भूल घेऊन पडलेली असताना!

"बाई, रागावू नका," अध्यक्ष म्हणाले. "खोली हवी आहे कोणाला? गेल्या तीन सभांना किती जण होते? अकरा, नऊ, सात. तेवीस तारखेला सर्वसाधारण सभा आहे. तीस माणसं जमली तर ठराव मांडू, मतं घेऊ. नाही जमली तर कार्यकारिणीचं ठरलेलं कायम."

तीस! आणि तीस नुसत्या सह्या चालत नाहीत, कारण वीस वर्षांपूर्वी मीच नियम करून घेतला आहे. तेव्हा लोक वहीत सही ठोकून चहाला पळत. मी तासभर बोलले होते: सही हाताची असते, माणूस आवाजाचा असतो! तेव्हापासून आमच्याकडे हजेरी तोंडी. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं. आवाज आला नाही तो गैरहजर. माझ्या उत्तम कामांपैकी हे एक.

लोक का येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. काळ निबर झाला आहे. कोणाला विचार नको, प्रत्येकाला आपली खुर्ची आणि आपला पडदा हवा. माझ्या बाजूने कसूर नाही. गेल्या वेळी सात माणसांसमोरसुद्धा मी पावणेदोन तास पोटतिडकीने बोलले. यजमान पहिल्या बाकावर डोळे मिटून ऐकत होते.

अध्यक्ष फर्निचरवाल्याचं पत्र ठेवून गेले. त्यात एक वाक्य आहे: "खोलीत फक्त वस्तू राहतील. वस्तूंचा कोणाला त्रास नसतो, त्या आवाज करत नाहीत."

वस्तू! हे वाक्य मी पाटीवर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. वस्तू म्हणजे असं आहे तरी काय, की तिच्यासाठी माणसांनी उठावं? उद्या शब्दकोश काढते.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं!

सकाळी सातला कोश उघडला, मान वर केली तेव्हा दोन वाजले होते. वन्संनी ठेवलेलं ताट तसंच, भात वाळून गेलेला.

मी मुद्रितशोधक होते तेव्हा जर्मानिक भाषांचा एक जाडजूड व्युत्पत्तिकोश माझ्या हातून तपासून गेला होता. छपाईत खराब झालेल्या तावांतून यजमानांनी मला त्याची एक प्रत बांधून दिली. चौदा वर्षं ती दाराला टेकण म्हणून वापरली. आज तिच्यात 'वस्तू' शोधायला गेले. इंग्रजीत 'थिंग', जर्मन आणि डचमध्ये 'डिंग', डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियनमध्ये 'टिंग'. सगळ्या एकाच शब्दाच्या लेकी, आणि आज सगळ्यांचा अर्थ वस्तू, चीज, बाब. आता या लेकींची आई. तिचा पहिला अर्थ काय असावा?

सभा!

होय, सभा! ठरलेल्या दिवशी उघड्या माळावर स्वतंत्र माणसं जमत, तंटे मांडत, कायदे ठरवत. त्या जमण्याला 'थिंग' म्हणत. पुढे सभेत जो तंटा आला त्यालाही थिंग म्हणू लागले. मग कुठल्याही विषयाला, कुठल्याही बाबीला. आणि घसरत घसरत शब्द येऊन पडला तो टेबलावर, कपाटात, गोदामात! माणसांचा मेळावा होता, त्याची वस्तू झाली. आमच्या खोलीचं जे होऊ घातलं आहे, ते या शब्दाचं आधीच होऊन गेलं आहे!

आणि उत्तरेत तो अजून मेलेला नाही. आइसलँडची संसद आल्थिंगी, सगळ्यांचं थिंग. नॉर्वेची स्टोर्टिंग, मोठं थिंग. डेन्मार्कची फोल्केटिंग, लोकांचं थिंग. तिथे 'टिंग' म्हणजे वस्तूही आणि संसदही.

हे मी चौदा वर्षांपूर्वी वाचलं होतं. वाचलं कसलं, काने-मात्रे मोजले होते. डोळ्यांखालून हत्ती गेला आणि मी त्याच्या शेपटीवरची अनुस्वाराची चूक काढली.

बोलायचं आहे! ओरडायचं आहे! यजमानांना बांधणीच्या दाबयंत्राजवळून ओढत आणलं आणि पाटीवर लिहिलं: वस्तू = सभा!!

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "अगं, ताप आहे का?"

१० फेब्रुवारी, रविवार

कोशातून मान निघत नाही. एका शब्दाचं बोट धरलं की तो आख्ख्या गावातून फिरवून आणतो.

गॉथिक ही या भाषांपैकी सगळ्यात आधी भरपूर लिहिली गेलेली. तिच्यात याच मुळाच्या शब्दाचा अर्थ 'वेळ'. म्हणून विद्वानांचा अंदाज असा की, थिंग म्हणजे मुळात ठरवून दिलेली वेळ. आधी वेळ ठरली, मग माणसं आली. ज्याला वेळ पाळता येते त्यालाच सभा करता येते, हे मी किती वर्षं कंठशोष करून सांगते आहे!

जर्मनमध्ये 'बचाव करणे' याला जो शब्द आहे तो सभेच्या ठरलेल्या दिवसावरून आला. तिथे उभं राहून आपली बाजू मांडायची, तोच बचाव. तलवारीने नव्हे, तोंडाने! डचमध्ये खटल्याच्या शब्दात 'डिंग' अजून बसलेला आहे. आणि इंग्रजीतलं 'हस्टिंग्ज', निवडणुकीतली भाषणबाजी! त्याचं मूळ उत्तरेकडचं 'हूसथिंग', म्हणजे घरची सभा, सरदाराने आपल्या माणसांची बोलावलेली. पुढे तो न्यायसभेचा शब्द झाला, मग ती सभा बसते त्या चौथऱ्याचा, मग उमेदवार उभे राहतात त्या व्यासपीठाचा. म्हणजे माझं सगळं आयुष्य ज्या फळीवर गेलं, तिच्याखालीसुद्धा थिंगच.

आणखी एक. त्या जुन्या सभांत आधी सगळ्यांना शांत राहायला सांगितलं जाई. बोलणं पटलं तर माणसं हत्यारं वाजवत, नाही पटलं तर नुसतं गुरगुरत. हे दुपारी वन्संना पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "आधी शांत राहायला सांगत? शहाणी माणसं."

मुद्दा त्यांच्या लक्षात आला नाही. मुद्दा हत्यारांचा आहे.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

आज तर कळसच झाला, आणि तो वन्संनी चढवला. हे वहीतच लिहिते, त्यांना सांगणार नाही.

त्या शेंगा निवडत बसल्या होत्या. मी पाटी नाचवत होते, सभा ते वस्तू, केवढी उडी, जगात असं दुसरीकडे कुठे घडलं असेल का? वन्सं मान वर न करता म्हणाल्या, "त्यात नवल काय? आपण नाही का म्हणत, काल आम्ही चार गोष्टी करत बसलो होतो. आणि नाही का म्हणत, बाजारातून चार गोष्टी आणायच्यात?"

माझ्या हातातली पेन्सिल पडली.

धावत जाऊन आपल्या भाषेचा कोश काढला. गोष्ट! संस्कृत 'गोष्ठी'वरून. गोष्ठी म्हणजे माणसांची बैठक, सभा, तिथलं बोलणं. बोलण्यावरून हकिगत, हकिगतीवरून बाब, बाबीवरून चीज. आणि त्याच्याही आधी 'गोष्ठ', गाईंचा गोठा! गुरं एकत्र येतात ती जागा, मग माणसं एकत्र येतात ती, मग ती जे बोलतात ते, मग ज्याबद्दल बोलतात ते.

हजारो मैलांचं अंतर. या दोन शब्दांचं एकमेकांशी नातं नाही, गोत नाही, ओळखदेख नाही. आणि दोघांनी एकच वाट धरली! माणसं जमल्याशिवाय जगात कुठली चीज चीजच होत नाही, असं दोन भाषांनी एकमेकींना न विचारता सांगून ठेवलं आहे.

मी वन्संच्या गळ्यात पडले. त्या म्हणाल्या, "सोड, शेंगा सांडतील."

१४ फेब्रुवारी, गुरुवार

सूचनापत्रक लिहून झालं. अकरा पानं. सुरुवात गाईंच्या गोठ्यापासून, मग उत्तरेचे माळ, हत्यारांचा खणखणाट, घसरण, गोदाम आणि शेवटी आवाहन. चाळीस वर्षांत असं काही माझ्या हातून उतरलं नव्हतं. वाचताना माझेच डोळे भरून आले. हे वाचून तीस काय, तीनशे येतील!

छापखान्यात जाऊन जुळाऱ्याच्या हातात दिलं. आमच्या छापखान्यात अजून शिशाचे खिळे जुळवून पत्रकं छापतात, आणि हा जुळारी खिळे जुळवण्यात वाकबगार. गेली बारा वर्षं सभेची प्रत्येक सूचना त्यानेच जुळवली. शिवाय पाटीवर लिहिलं: एक काना कमी करायचा नाही.

त्याने पानं बोटांत धरून जाडी पाहिली. "ताई, ही सूचना आहे?"

मी मान डोलावली.

"बरं," तो म्हणाला. आणि पानं परत एकदा मोजली.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

घात झाला. जुळारी घरी आला. "ताई, थ संपले."

मला कळेना.

"तुम्ही पानापानावर थिंग थिंग लिहिलंय. माझ्या पेटीत 'थ'चा एकच खण. अडीच पानांतच खण रिकामा. नवे खिळे ओतून यायला महिना लागतो."

हे कसं लक्षात आलं नाही माझ्या! आयुष्य छापखान्यात गेलं आणि शब्द निवडताना खिळ्यांचा विचार केला नाही. चूक माझी. बिचारा इतका अवघडला होता, नजरेला नजर देईना.

पाटीवर विचारलं, मग?

"थोडक्यात जुळवतो काहीतरी. वेळ, वार, जागा."

वन्सं मधेच म्हणाल्या, "हो, हो, थ शिवाय जेवढं होईल तेवढं कर." त्यांना छापखान्याच्या अडचणी समजतात.

काही हरकत नाही. अकरा पानं सभेत वाचायची. मी बोलू शकत नाही, पण वन्सं वाचतील. दीड तास तर लागेलच.

१८ फेब्रुवारी, सोमवार

आजारी माणसाला भेटायला लोक येतात, हे चांगलं आहे. पूर्वी मी सर्दीतापाने झोपले तर कोणी फिरकत नसे. परवापासून रांग लागली आहे. येतात, बसतात, मी गप्प असते आणि ते बोलत सुटतात.

आज मशीनमन आला होता. हा गडी सभेत कधी तोंड उघडत नाही. मी त्याला दगड समजत होते. दोन तास बोलला! त्याला म्हणे रोज दुपारी सभेच्या खोलीत नव्या मुलांना जुनं मशीन उघडून दाखवायचं आहे. सुटे भाग ठेवायला कोपरा कोणता, तेसुद्धा त्याने ठरवलं आहे. काल जुळारी म्हणाला, जुने खिळे वितळवायला काढले आहेत, ते खोलीच्या भिंतीवर लावावेत. वन्सं तर माझ्याच घरात राहतात आणि मला आज कळतं की, घडीकाम करणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना खिडकीपाशी एक मोठं टेबल हवं आहे. तीन वर्षांपासून हवं आहे!

मी पाटीवर लिहिलं: इतकं मनात होतं तर सभेत का नाही बोललात?

मशीनमन हसला. "आलो होतो की, ताई. तीनदा आलो. तिन्ही वेळा माझी पाळी यायच्या आत शेवटची बस निघायची वेळ झाली."

बससेवेची ही अवस्था! सभा मोडतात त्या अशा. एकदा यावर सविस्तर बोललं पाहिजे.

२० फेब्रुवारी, बुधवार

सूचनापत्रकं टपालात पडून दोन दिवस झाले म्हणे. आमच्या घरी तीन सभासद, आणि एकालाही पत्रक नाही. वन्संना विचारलं. "येईल हो," म्हणाल्या आणि उशीचा अभ्रा बदलायला गेल्या. यजमानांना विचारलं. ते शर्टाच्या खिशावर हात ठेवून म्हणाले, "टपालखातं काय, तुला माहीतच आहे."

मला मुद्रितही दाखवलं नाही. वेळ नव्हता म्हणे. मुद्रितशोधकाच्या सभेची सूचना, मुद्रित न तपासता!

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या सभा. आज पहिल्यांदा भीती वाटली.

कोश मिटून खिडकीत बसले होते. मनात आलं, उद्या परत सात आले तर? मी बोलणार नाही म्हटल्यावर ते सातसुद्धा कशाला येतील? ही खोली गेली तर मी कुठे उभी राहणार? वहीत खरं लिहायचं तर खोलीपेक्षा मला त्या फळीची काळजी आहे, जिच्यावर उभं राहून मी माणूस झाले. लोक मला तोफ म्हणतात. तोफ गप्प असेल तर ती नुसतं लोखंड. एक वस्तू.

यजमानांनी विचारलं, "काय झालं?" मी पाटीवर लिहिलं, तीस येतील? त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं: येतील. ते बोलू शकतात, तरी त्यांनी लिहिलं.

२३ फेब्रुवारी, शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

साडेचारला आम्ही तिघं पोहोचलो. जिन्याखालच्या दारावर सूचनापत्रक डकवलेलं. मी पहिल्यांदाच पाहत होते. ठळक टाइपात:

"शनिवार, तेवीस तारीख, संध्याकाळी पाच. खोली ठेवायची की द्यायची? भाषण नाही. प्रत्येकाला बोलायला मिळेल."

भाषण नाही!

मी तिथून तडक छापखान्यात गेले. जुळारी वर गेलेला होता. त्याची पेटी उघडली. चाळीस वर्षांत कुठला खण कुठे, हे मी डोळे मिटून सांगू शकते. 'थ'चा खण काठोकाठ भरलेला होता. शीग लागली होती शीग! हात घातला, मूठभर थ बोटांतून खाली पडले. एक खिळासुद्धा कमी झालेला नव्हता.

वन्सं मागे येऊन उभ्या होत्या. पाटीवर इतक्या जोरात लिहिलं की पेन्सिल मोडली: तुम्ही?

"मीच सांगितलं त्याला," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या नवऱ्याने मजकूर केला. आता रागव, पण वर येऊन रागव. जिना बघ."

जिन्यावर माणसं होती. जिन्यावर! मागच्या कित्येक वर्षांत आमच्या जिन्यावर मी गर्दी पाहिली नव्हती. ओठ घट्ट मिटून वर गेले. पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "ताई खरंच बोलणार नाहीत ना?" आणि दुसरा म्हणाला, "हळू बोल, कान चांगले आहेत त्यांचे."

मी तिसऱ्या बाकावर बसले. या खोलीत फळीवरून नव्हे, तर बाकावरून पाहायची ही माझी पहिलीच वेळ. तिथून छताला केवढी ओल आलेली दिसते!

अध्यक्षांनी हजेरी सुरू केली. माझं नाव यादीत तिसरं. ते म्हणाले, "यांचं शेवटी बघू." हजर, हजर, हजर. काही जोरात, काही लाजत. मी बोटांवर मोजत होते. पंचवीस झाले, सव्वीस झाले. मशीनमन उभा राहून 'हजर' म्हणाला, जणू कोणी मारायला येतंय. यादी संपली.

"एकोणतीस," अध्यक्ष म्हणाले.

मी पाटी वर केली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत: हजर.

अध्यक्षांनी पाटीकडे पाहिलं. त्यांना आनंद झाला नव्हता, हे मी सांगते. "बाई, नियमात आवाज म्हटलंय."

"अहो, दिसतायत की त्या! माणूस समोर बसलंय!" जुळारी ओरडला.

"तुमच्यापैकी कोणाचं नाव आवाजाशिवाय लिहिलं होतं का त्यांनी? एकदा तरी? गेल्या वर्षी माझं नाव कापलं होतं, माझा घसा बसला होता तेव्हा." अध्यक्षांनी नियमांची वही काढली. "आज बाईंसाठी नियम वाकवला, तर उद्या कोणीही हा ठराव मोडून काढेल. नियम त्यांचाच आहे."

बरोबर होतं त्यांचं. हेच दुसऱ्या कोणाबाबत असतं, तर मी हेच म्हटलं असतं, आणि तासभर म्हटलं असतं.

अजून दोन दिवस होते. पहिला शब्द त्या खुर्चीत. कायमचा फाटला तर इथे यायचं नाही. वन्सं माझ्याकडे पाहून मान हलवत होत्या, नको, नको. यजमान उभे राहिले होते. चाळीस वर्षांत सभेत ते पहिल्यांदा उभे राहिले असतील.

मी उठले. फळीवर गेले नाही. बाकाजवळच उभी राहिले. माझ्या पिशवीत अकरा पानं होती, त्यांत गोठे होते, माळ होते, संसदा होत्या. त्यातलं काहीही मला परवडणार नव्हतं. मला एकच शब्द परवडणार होता.

"हजर."

तो माझा आवाज नव्हता. जाड पुठ्ठा टरकावल्यासारखं काहीतरी निघालं. पण शेवटच्या बाकापर्यंत पोहोचलं.

"तीस," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

मग मशीनमनने खिशातला पाना काढला आणि बाकावर आपटला. वन्संनी पिशवीतून घडी दाबायची हाडपट्टी काढून बाकावर वाजवली. जुळाऱ्याने हातातली खिळे जुळवायची पट्टी वाजवली. मग सगळेच. काय खणखणाट! मी तो कोशात वाचला होता. आज ऐकला.

लोक बोलले. एकामागून एक, अडखळत, विषय सोडून, एकच मुद्दा तीनतीनदा. माझ्या तोंडाला पाणी सुटत होतं, प्रत्येक वाक्य दुरुस्त करावंसं वाटत होतं. टेबल, मशीन, भिंतीवरचे खिळे. कोणीतरी विचारलं, "ते थिंगचं काय आहे? ताई पाटीवर सारखं लिहितात म्हणे." वन्सं उभ्या राहिल्या. मी अकरा पानं पुढे केली, त्यांनी ती घेतली, खाली बाकावर ठेवली आणि त्यांच्यावर बसल्यासारखा हात टेकून म्हणाल्या, "तिकडे थंड मुलखात आधी सभेला थिंग म्हणत. मग सभेतल्या भांडणाला म्हणू लागले. मग भांडण ज्यावरून झालं त्या चिजेला. होता होता माणसं घरी गेली आणि चीज तेवढी राहिली. आपलंही तेच चाललंय. खुर्च्या-कपाटं येणार, आपण जाणार. मला उलटं जायचंय. मला चिजेपासून सभेपर्यंत जायचंय. टेबल द्या मला खिडकीपाशी, बाकीचं तिथे बसून बोलू."

चार मिनिटं! माझी अकरा पानं, चार मिनिटांत! गॉथिक राहिलं, हस्टिंग्ज राहिलं. आणि लोक टाळ्या वाजवत होते.

खोली ठेवावी: चोवीस. द्यावी: सहा. सहांत अध्यक्ष नव्हते. मी डोळ्यांनी पाहिलं.

मग मशीनमनने आणखी एक ठराव मांडला. यापुढे कोणीही, कोणत्याही पदावर असो, पाच मिनिटांच्या वर बोलणार नाही. मत हात वर करून. बाजूने एकोणतीस.

विरोधात एक. हात मी कोपरापासून ताठ वर केला होता.

२५ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं आणि कपाळाला आठ्या पाडल्या. "इथे आधीच कोणीतरी बोलून गेलंय."

मी एक बोट वर केलं.

"एक तास?"

मान हलवली. नाही.

"एक मिनिट?"

पाटीवर लिहिलं: एक शब्द.

त्या पाटीकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे. "तुम्ही? एक शब्द?" आणि हसू दाबत म्हणाल्या, "थोडी सूज आहे, उतरेल. आता बोला. सावकाश. काहीही बोला."

काहीही म्हटल्यावर काही सुचेना. इतके दिवस साठवलेलं सगळं घशाशी येऊन उभं राहिलं आणि कोणी पुढे सरकेना. शेवटी विचारलं, "शेवटची बस किती वाजता असते हो?"

घरी आले तर टेबलावर पुडकं. जुळाऱ्याने पाठवलेलं. उघडलं, तर मुद्रितं. माझी अकराच्या अकरा पानं, जुळवलेली, एक काना कमी न करता. वर पेन्सिलने चिठ्ठी: "ताई, आता खरंच थ संपले. शेवटच्या दोन पानांना पलीकडच्या छापखान्यातून मागून आणले. चाळीस प्रती काढतो, खोलीत ठेवू. तपासून द्या." यजमानांनी कव्हरासाठी निळा कागद कापून ठेवला होता.

मी पेन्सिलीला टोक केलं. पहिल्याच पानावरची चार वाक्यं उडवली.

मग त्यातली तीन परत ठेवली.